रीठ

वर्धा जिल्ह्याच्या गावयादीत दोन तऱ्हेची गावं आहेत. एकीत माणसं राहतात, दुसरीत कोणीच राहत नाही. या दुसऱ्या गावाला आमच्याकडं रीठ म्हणतात. पटवाऱ्याच्या दप्तरात त्याच्या नावापुढं कंसात 'रीठ' किंवा 'रिठी' असं लिहिलेलं असतं. वस्ती उठली, चूल विझली, पण मौजा कायम आहे. त्याला शिवार आहे, हद्द आहे, नकाशा आहे, सातबारा आहे. जनगणनेच्या माणसाला तिथं दार ठोठवायला घर सापडत नाही, तरी 2011 च्या जनगणनेत त्यालाही इतर गावांसारखाच सहा आकडी क्रमांक मिळाला आणि पुढच्या रकान्यांत शून्यं पडली. अशी गावं जिल्ह्यात एक-दोन नाहीत, शेकड्यांनी आहेत. ज्याच्या हातून कारभार कधीच गेला, पण सातबाऱ्यावर पहिलं नाव अजून ज्याचंच आहे, अशा घरातल्या म्हाताऱ्यासारखं रीठ शिवारात बसून असतं.

त्याची ओळख आधी पायांना होते. वर्धेची जमीन काळी. पऱ्हाटी आणि तुरीच्या तासांतून चालताना पायाखाली तीच चिकट, भेगाळलेली माती असते. चालता चालता एकाएकी ती भुसभुशीत होते, रंग राखेकडं झुकतो आणि जमीन थोडी उंचावते. ही पांढरी. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही जुन्या गावगाड्याची वाटणी. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एका जागी राहिली की चुलीची राख, गोठ्यातलं शेण, पडलेल्या भिंती, फुटलेली मडकी, खरकटं, हाडकं असं सगळं त्या जागेत मुरत जातं आणि जागा वर उचलली जाते. गाव निघून गेल्यावरही हा उंचवटा राहतो. पहिला पाऊस पडून गेला की त्यावर धुऊन निघालेली खापरं दिसतात. काळी-तांबडी, काठाची, बुडाची. मधूनच बांगडीचा काचेचा तुकडा, कुठं जात्याची अर्धी तळी, कुठं घासून गुळगुळीत झालेला वरवंटा. विहीर असलीच तर बुजत आलेली. भोवती म्हाताऱ्या चिंचा, कडुनिंब, आणि दगडमातीच्या ढिगांवर हटकून सीताफळाची झुडपं. दिवसा गुराखी तिथं सावलीला बसतात, रात्री रोही आणि रानडुकरं तिथूनच वावरांत उतरतात.

घर मात्र दिसत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला पडका वाडा, चौकट, एखादी कमान बघायची असते आणि रीठ त्याची साफ निराशा करतं. यात त्याचा दोष नाही. आमच्याकडची घरं मातीची. भिंत मातीची, वर सागाची किंवा मिळेल त्या लाकडाची मयाल, त्यावर बांबू आणि कवेलू. गाव सोडणारा माणूस लाकूड सोडून जात नाही. चौकटी, दारं, मयाली, कवेलू, सगळं बंडीत घालून तो नव्या गावी नेतो. मागं राहते ती उघडी मातीची भिंत. तिच्या डोक्यावर छप्पर नाही म्हटल्यावर वर्धेचा पाऊस तिला फार दिवस ठेवत नाही. काही पावसाळ्यांत घराचा ढीग होतो, ढिगाचं टेकाड आणि टेकाडाची पांढरी.

हे समजून घ्यायचं असेल तर सेवाग्रामला जावं. बापूकुटी आणि आदिनिवास याच मातीचे, याच बांबूचे, याच कवेलूंचे. 1936 च्या एप्रिलअखेरीला गांधीजी तेव्हाच्या शेगावला राहायला आले, आसपास मिळेल त्याच सामानाने घरं उभी राहिली. पुढं ज्या कुटीला त्यांचं नाव मिळालं ती मुळात मीराबेनची, आणि तिच्या मातीच्या भिंतींवरची झाडं मीराबेनच्याच हातची. त्या घराला इतकी वर्षं झाली तरी ते ताठ उभं आहे ते दरवर्षी कोणीतरी सारवतं म्हणून, फुटलेला कवेलू बदलतं म्हणून, वाळवी लागलेला बांबू काढतं म्हणून. तिथले हात काढून घ्या आणि चार-पाच पावसाळे थांबा. बापूकुटी आणि कुठल्याही रिठातलं घर यांच्यात एवढंच अंतर आहे. देशाने एका कुटीला जपलं याचा मला मनापासून आनंद आहे. त्याच मातीची शेकडो घरं कोणी जपली नाहीत म्हणून त्यांची साधी नोंदही होऊ नये, हे मात्र मला पटत नाही.

इंग्लंडमध्ये ही नोंद झाली, आणि ती कशी झाली हे सांगण्यासारखं आहे. यॉर्कशायरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचं एक रीठ आहे. मॉरिस बेरेसफर्ड हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक 1948 मध्ये तिथं पोचले, तेव्हा तिथं होतं गवताचं कुरण, त्यात उंचसखल रेघा आणि एक चर्च. पुढं जॉन हर्स्ट त्यांना मिळाले आणि 1990 पर्यंत दर उन्हाळ्यात तिथं खोदकाम चाललं. एका निर्जन खेड्यासाठी चाळीस उन्हाळे! बेरेसफर्ड यांचं इंग्लंडच्या हरवलेल्या गावांवरचं पुस्तक 1954 मध्ये आलं आणि अशा गावांचा शोध ही तिथं एक चळवळच झाली. आज मध्ययुगात उठून गेलेली तीन हजारांच्या आसपास गावं तिकडं नोंदली गेली आहेत. लोकांचा समज होता की चौदाव्या शतकातल्या महामारीने ही गावं उठवली. खोदल्यावर दिसलं की व्हॅरम पर्सी त्या साथीनंतरही दीडशे वर्षं तगलं होतं. सोळाव्या शतकाच्या तोंडाशी शेवटची घरं रिकामी झाली ती मेंढ्यांसाठी. लोकरीत पैसा होता, जमीनमालकाला नांगराखालच्या शेतापेक्षा कुरण परवडत होतं.

पण मेंढ्यांनीच त्या गावाला राखलंही. कुरणावर नांगर फिरला नाही म्हणून घरांचे पाये, रस्त्यांच्या खाचा, अंगणांच्या कडा गवताखाली तशाच राहिल्या, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात विमानातून बघितलं की अख्खं गाव रेघारेघांनी उमटायचं. आमच्या रिठाचं नशीब असं नाही. इकडं वस्ती उठली की दहा-वीस वर्षांत वखर पांढरीवर चढतो. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगा टाकते, पावसाळ्यात फुगते आणि जे सापडेल ते गिळते. आमच्या रिठाचं चित्र खापरांच्या दाटीवरून, मातीच्या रंगावरून आणि माणसांच्या तोंडून जुळवावं लागतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखी. व्हॅरम पर्सीचं गाव सोळाव्या शतकातच संपलं, पण त्याचं चर्च आसपासच्या वस्त्यांनी 1949 पर्यंत वापरलं. आमच्याकडं चर्चच्या जागी मारोती असतो. घरं गेली, विहीर बुजली, पांदण काट्यांनी भरली, तरी रिठाचा मारोती शेंदूर लावून जागच्या जागी उभा. लाकूड नेलं, कवेलू नेले, देव कोणी नेला नाही. गावाचा देव गावाच्या जमिनीचा, तो बंडीत घालता येत नाही असं जुनी माणसं मानतात. हनुमान जयंतीला तीन-चार गावांत पांगलेली माणसं रिठावर येतात, रोट होतात, प्रसादाच्या पंगती बसतात. शेजारी लिंबाखाली मातामाय. तिचे दगड, तिच्यापुढचा नारळ. आखाडीला तिचाही मान चुकत नाही.

अशा ठिकाणी कोणा म्हाताऱ्या बाईला विचारावं, "मावशी, तुम्ही कोणत्या गावच्या?"

"राह्यतो त्या पल्याडच्या गावात, जी. पन आमी रिठाचेच. आमचा बुढा अथीच जलमला."

त्यांच्या बुढ्यालाही वस्ती आठवत असेलच असं नाही. कदाचित त्याच्या बापाने बंडी भरली असेल. पण लग्नाची पहिली पत्रिका अजून रिठाच्या मारोतीपुढं ठेवली जाते, आणि शेतातली पहिली कणसंही आधी तिथं जातात. रिठाचा हा हक्क कुठल्या कायद्यात नाही, पण तो मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

गाव का उठलं, असं विचारलं की प्रत्येक रीठ आपली गोष्ट सांगतं. एका जागी सतीने शाप दिलेला असतो. एका जागी वऱ्हाड जेवत असताना नवरदेवाला पान लागलेलं असतं. कुठं एका रात्रीत दिवे विझवून सगळं गाव निघून गेलेलं. या गोष्टी मी खोट्या म्हणणार नाही, कारण घाबरून गाव सोडणाऱ्या माणसांची भीती त्यांत साठलेली आहे. पण त्या भीतीमागं ठोस कारणं होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या धाडी नागपूरकर भोसल्यांच्या या मुलखावर येत. तेव्हा गावोगावी मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या आणि ज्या लहान गावाला गढी परवडली नाही त्याने मोठ्या गावाचा आसरा घेतला. मग पटकी. तिला लोक मरीमाय म्हणत आणि ती आली की गावाबाहेर खोपट्या टाकून राहत. काही गावं त्या खोपट्यांतून परत फिरलीच नाहीत. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. 1891 ते 1901 या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. 1918 च्या तापाच्या साथीने आणखी घरं रिकामी केली.

आणि सगळीच गावं आपत्तीने उठली असंही नाही. 1860 च्या दशकात मुंबईकडून आलेली रेल्वे पुलगाव, वर्धा करत नागपूरला पोचली. हिंगणघाटचा कापूस आधीपासूनच नावाजलेला, आता त्याला दूरचं गिऱ्हाईक मिळालं. 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा. त्याचं ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, ते 1866 मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी हललं आणि तिथं वर्धा शहर आखलं गेलं. बाजार, जिनिंग, स्टेशन, शाळा, दवाखाना जिथं, तिथं माणसं सरकली. दहा-बारा उंबऱ्यांच्या गावाला कोणी शाप दिला नाही, त्याला नुसतं मागं टाकलं. एक घर गेलं, मग भावकी गेली, मग न्हावी गेला. न्हावी आणि सुतार नसलेल्या गावात राहणं कठीण. शेवटी राहिलेल्या एका घराला रात्रीची सोबत उरली नाही, तेही गेलं. माझ्या मते बहुतेक रिठांची खरी कहाणी ही अशी आहे, आणि तिला गोष्टीचं रूप मिळत नाही म्हणून ती कोणी सांगत नाही.

रिठाच्या घराण्यात फार जुनी माणसंही आहेत. त्यांतलं एक मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. हिंगणघाटजवळच्या जांब गावात वाकाटक राजांचा ताम्रपट मिळाला. तो राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे पाचव्या शतकातला, नंदिवर्धनाहून दिलेला. त्यात कोथुरक नावाचं गाव एका ब्राह्मणाला दान दिल्याची नोंद आहे. दान द्यायचं तर हद्द सांगायला हवी, म्हणून लेखात त्या गावाची चतुःसीमा दिली आहे. एका बाजूला उमा नदी, बाकीच्या बाजूंना चिंचापल्ली, बोंथिकवाटक आणि मंडुकिग्राम. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ही नावं नकाशावर शोधली. उमा म्हणजे आजची वणा. मंडुकिग्राम म्हणजे तिच्या काठचं मांडगाव. चिंचापल्ली ते चिंचोली, बोंथिकवाटक ते बोथड. सोयरेधायरे सगळे हजर, दीड हजार वर्षांनंतरही जवळपास त्याच नावांनी. नाही ते फक्त कोथुरक.

ज्या गावासाठी तांब्यावर अक्षरं कोरली, ज्याचे कर माफ केले, ज्याचा उपभोग वंशपरंपरेने घ्यावा असं राजाने सांगितलं, तेच नेमकं हरवलं आणि साक्षीला उभी केलेली शेजारची गावं टिकली. मांडगावची माणसं आजही वणेवर जातात, बैल धुतात. त्यांच्या शिवाराला लागून कुठंतरी ते पहिलं रीठ आहे. वाकाटकांच्या लेखनिकाने गाव सांगायची जी रीत वापरली तीच आज वर्धेच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत चालते. खरेदीखतात पूर्वेस कोणाचं वावर, पश्चिमेस नाला, उत्तरेस धुरा, दक्षिणेस पांदण, असं लिहिल्याशिवाय दस्त पुरा होत नाही. महानुभावांची स्थानपोथीही अशीच चालते. श्रीचक्रधर जिथं जिथं थांबले ते ठिकाण, तिथून कुठल्या दिशेला कुठलं देऊळ, कुठं नदी. त्यांतली कितीतरी देवळं आज नाहीत, पण दिशा लिहिलेली असल्याने पंथाची माणसं जागेवर पोचतात आणि ओटा बांधतात. हरवलेली गोष्ट तिच्या शेजाऱ्यांवरून सापडते, ही समज या मातीत पुष्कळ जुनी आहे.

कोथुरकाच्याही आधीचे मुक्काम आहेत. जिल्ह्यातल्या खैरवाड्याला माळावर दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. लोखंड वापरणाऱ्या, मेलेल्यांना दगडांच्या गोलात ठेवणाऱ्या माणसांची. त्यांची स्मशानं दिसतात, घरं शोधावी लागतात.

आणि पवनार. ते रीठ नाही, नांदतं गाव आहे, पण रिठाच्या घराण्याशी त्याचं नातं आहे. मिराशींच्या मते वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच धाम नदीकाठचं पवनार. नंतर रामटेकजवळच्या मनसरला खोदकाम झालं आणि काही अभ्यासकांनी तो मान मनसरला दिला. तो वाद विद्वानांचा. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला खोदलं, तेव्हा त्या टेकाडात थरावर थर निघाले. अकबराच्या काळात पवनार ही वऱ्हाड सुभ्यातली एक सरकार होती, आईन-इ-अकबरीत तिची नोंद आहे. म्हणजे हजार वर्षांहून जास्त काळ जे मोठं गाव होतं ते हळूहळू आकसत एका खेड्यावर आलं. 1938 मध्ये विनोबा तिथं जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. शेतात कुदळ चालवताना जमिनीतून मूर्ती निघू लागल्या. राम-भरत भेटीचं शिल्प त्यांतलंच. कोणी त्यांना संग्रहालयात पाठवलं नाही. त्या परंधाम आश्रमातच आहेत, रोजच्या प्रार्थनेच्या आसपास. उतरत्या काळातही काही टेकाडांच्या वाट्याला असा भाग्याचा पाहुणा येतो.

हिंगणघाटला एक वेगळाच पाहुणा कायमचा राहून गेला आहे. विल्यम लँबटन. यॉर्कशायरच्या खेड्यात जन्मलेला, दक्षिणेपासून हिंदुस्थानची लांबी मोजत निघालेला हा माणूस 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. त्याचं मोजमाप गावांच्या शिवांचं नव्हतं, पृथ्वीच्या आकाराचं होतं. शिवांचं मोजमाप नंतरच्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात झालं, साखळी आणि फळी घेऊन, वावर वावर फिरून.

रिठाच्या नावाने तग धरला तो या बंदोबस्तामुळं. मध्य प्रांतात मालगुजारी होती. मालगुजाराचा हक्क मौजावर, घरांवर नाही. वस्ती असो की नसो, मौजाचा सारा भरायचा आणि म्हणून मौजाचं नाव पुसायचं नाही. रिठातली वावरं शेजारच्या गावाची माणसं कसत, पण ती कसत 'त्या मौजातली' म्हणूनच. वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात प्रत्येक गावाचे रीतिरिवाज लिहिले गेले. गुरं कुठं चरायची, सरपण कुठून आणायचं, आखर कुठं, वाट कुठून. 1951 मध्ये मालगुजारी गेली, जंगल, तळी, पडीक जमीन सरकारकडं आली, निस्तारपत्रकं झाली. नागपूर-वर्धा भागात 'झुडपी जंगल' म्हणून लिहिली गेलेली जी जमीन आहे, तिच्यातही कुठं कुठं रिठाची पडीक येते. एवढ्या राजवटी बदलल्या, प्रांत बदलले, 1966 चा महाराष्ट्राचा महसूल कायदा आला. रिठाचं नाव प्रत्येक नव्या वहीत उतरवलं गेलं. कारकुनांच्या पिढ्यांनी, स्वतः ते गाव कधी न बघता, त्याला जिवंत ठेवलं. महसूल खात्याबद्दल शेतकऱ्याच्या तोंडून चांगला शब्द क्वचित निघतो. या एका बाबतीत तो निघायला हवा.

कागदाने नाव राखलं, पण जागा राखणं कागदाच्या हातात नव्हतं. पांढरीची माती कसदार. ती बंड्या भरभरून वावरांत नेण्याची चाल जुनी आहे, त्यात वाईट हेतू काही नाही. आजोबांच्या चुलीची राख नातवाच्या पऱ्हाटीला मिळते. बंडीने नेलेली माती थोडीच असते आणि मागं काहीतरी उरतं. जेसीबीने नेलेल्या मातीमागं काही उरत नाही. रस्त्यांना मुरूम लागतो, भराव लागतो, आणि वस्ती नसलेल्या टेकाडाला विचारणारं कोणी नसतं. एका दिवसात सहाशे वर्षांची पांढरी टिप्परमध्ये भरली जाते आणि चार गावं पलीकडं कशाच्या तरी खाली दाबली जाते.

दुसरा वैरी गुप्तधनाचा लोभ. रीठ म्हटलं की हंडा, हा समज काही सुटत नाही. अमावास्येला लिंबू-कुंकू मांडून लोक मारोतीच्या ओट्याखाली खणतात. 1878 चा कायदा आहे, दहा रुपयांवरचं निधान सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण खणणाऱ्याला कायदा ठाऊक नसतो आणि खणून त्याला खापराखेरीज काही मिळत नाही. जे गाव अन्नपाण्यावाचून, सोबतीवाचून उठलं, त्याने सोन्याचे हंडे पुरून ठेवले असतील हे मानायला मन कसं तयार होतं, हेच मला कळत नाही. रिठाची दौलत त्या खापरांतच आहे. कोणत्या काठाची, कोणत्या रंगाची, कोणत्या खोलीवर, यावरून जाणकार माणूस गावाचं वय सांगू शकतो. ओट्याखालचा खड्डा ते सगळं ढवळून टाकतो.

आणि रीठ होण्याचं अजून थांबलेलं नाही. धनोडीला वर्धा नदीवर निम्न वर्धा प्रकल्प झाला. आर्वी-आष्टीकडची गावं पाण्यासाठी उठली आणि वर पुनर्वसनात वसली. बोर अभयारण्य 1970 चं, 2014 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. त्यातून नवरगाव बाहेर आलं. ही माणसं आज हयात आहेत. आपलं घर कुठं होतं, विहिरीपासून किती पावलांवर, कोणाच्या अंगणात बेल होता, हे त्यांना बोट दाखवून सांगता येतं. धरणासाठी जमीन किती गेली याच्या फायली आहेत, मोबदल्याच्या याद्या आहेत. गावाच्या आतल्या गल्लीत कोणापाठी कोण राहायचं याची यादी कोणी केली आहे का? कोथुरकाच्या बाबतीत ती संधी दीड हजार वर्षांपूर्वी गेली. नवरगावच्या बाबतीत ती अजून हातात आहे, आणि फार तर एका पिढीपुरती आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक रिठाची एक वही व्हावी. महसूल खात्याकडं नावं आणि नकाशे आहेतच. गावठाण मोजायला ड्रोन येतात, तेच एकदा पीक निघाल्यावर, सूर्य खाली असताना, पांढरीवरून फिरवले तर काळ्या रानात तिचे फिके डाग कुठवर पसरलेत ते दिसेल. पण निम्म्याहून जास्त काम पायी करायचं आहे आणि ते शाळा-कॉलेजच्या पोरांना करता येईल. मौजाचं नाव. मारोती आहे का, कोणत्या तोंडाचा. मातामाय कुठल्या झाडाखाली. विहीर बांधीव की कच्ची. सतीचा दगड, वीरगळ, गढीचा बुरूज, असेल ते. खापरं उचलायची नाहीत, कुठं दाट आहेत ते लिहायचं आणि फोटो घ्यायचा. शेवटचं घर कोणत्या आडनावाचं होतं आणि ते कोणत्या गावी गेलं. सुरुवात मारोतीपासूनच करावी. हनुमान जयंतीला रोटाची वर्गणी कोणकोणत्या गावांतून येते एवढं विचारलं, की उठलेलं गाव कुठं कुठं जाऊन बसलं ते आपोआप कळतं. आणि त्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारायला गेलं तर आधी प्रसादाला बसावं लागतं, ती सवड पोरांनी काढून ठेवावी.